थोरलीच्या नावापाशी

ओळ सुचली की मी ती आधी मोठ्यानं म्हणते. मग थांबते. कुणाच्या कपाळाला आठी पडली का, कुणी तावातावानं उठून निघालंय का, ते बघते. समोर कुणीच नसतं. स्वयंपाकाचा ओटा असतो आणि ओट्यावर उपडी घातलेली भांडी. तरी बघते. कुणी उठलं नाही अशी खात्री पटली की मगच ती ओळ कागदावर उतरते.

संपादकांनी लेखनाची सुरुवात आणि लिहिण्याची पद्धत याबद्दल लिहा म्हणून कळवलं, तेव्हापासून मी धास्तावलेली आहे. माझ्याकडे पद्धत म्हणून सांगण्यासारखं एवढंच आहे. ते मी कुठल्या शाळेत शिकले नाही. शाळा तर सातवीलाच सुटली. राहात्याच्या एका छापखान्यात, लोकांच्या लग्नांची मंगलाष्टकं रचताना ही सवय जडली, आणि ती भीतीपोटी जडली. तेच सांगते.

आम्ही भंडाऱ्याकडचे. आठवीची शाळा नदीपलीकडे होती, पावसाळ्यात डोंग्यातून जावं लागे, म्हणून वडलांनी माझं नाव काढलं. पुढं लग्न झालं. यांना छपाईचं ट्रेडल मशीन चालवता येत होतं. कुणाच्या तरी ओळखीनं राहात्याला काम मिळालं, तेव्हा नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. रेल्वे, मग एस्टी, मग दुसरी एस्टी, असं करत आम्ही तिथं उतरलो तेव्हा मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी मी घाबरले होते. छापखान्याच्या मागं एक खोली होती. तिला भाडं नव्हतं. पण काम गेलं तर खोलीही गेली, हे कुणी न सांगता कळत होतं.

मी 'मले' म्हटलं की भाजीवाली हसायची आणि शेजारणीला हाक मारून म्हणायची, "अगं, हिला परत बोलाय लाव." म्हणून मी बोलणं कमी केलं. ऐकत राहिले.

छापखान्याचे मालक मोहनकाका. दम्याचं दुखणं, तरी तपकीर सुटली नव्हती. मी खोलीत एकटी बसून असते हे त्यांनी पाहिलं आणि एक दिवस मला खिळे जुळवायला बसवलं. नव्या वाचकांसाठी सांगते. तेव्हा लहान छापखान्यात संगणक आलेला नव्हता. लाकडी खणांच्या पेटीत शिशाची उलटी अक्षरं असायची, त्यांना खिळे म्हणायचं. एकेक खिळा उचलून लोखंडी पट्टीत लावायचा, शब्द करायचा, ओळ करायची. लग्नसराईत एखादं अक्षर संपून जायचं. मग काका म्हणायचे, "ळ संपले. 'सोहळा' काढ, 'समारंभ' घाल." शब्द उधळायचे नसतात, पेटीत किती उरलेत ते बघून वापरायचे असतात, हे मी तिथं शिकले. अजूनही मला माझी पेटी रिकामी होत आलीय असंच वाटतं.

पत्रिका छापायला आलेल्या माणसाला काका मंगलाष्टकंही रचून द्यायचे. देवादिकांची सगळीकडं असतात तशी नाहीत, नावांची. नवरानवरीचं नाव, आजा, चुलते, मामा, आत्या, सगळे त्यात गुंफलेले. रंगीत कागदावर छापून ती मांडवात वाटायची आणि अंतरपाटाच्या वेळी माइकवर म्हणायची. मांडवातलं कुणी अर्थ ऐकत नाही, पण स्वतःचं नाव प्रत्येकजण ऐकतो.

आमच्या माहेरी लग्न बुद्धवंदनेनं लागतं. वधूवरांवर फुलं पडतात. मंगलाष्टक मी राहात्याला येऊनच नीट ऐकलं. त्यामुळे काकांनी ती चाल शिकवायला घेतली तेव्हा माझी पाटी कोरी होती. ते टेबलावर हात आपटत. लांब अक्षराला पूर्ण तळवा, आखूड अक्षराला एक बोट. लघु-गुरू हे शब्द मला पुढं फार वर्षांनी कळले. दम्यानं काकांचा श्वास पुरेनासा झाला, तसं रचण्याचं काम माझ्याकडे आलं. गिऱ्हाईकाला ते सांगायचं नाही असं मीच त्यांना विनवलं होतं. रचणारी कोण, कुठली, आडनाव काय, या प्रश्नांची मला धडकी भरायची. एकदा एकानं विचारलंच, "या कुनाच्यातल्या?" काका चष्मा पुसत म्हणाले, "आमच्या छापखान्यातल्या." पुढं काही विचारायची त्याची छाती झाली नाही. काकांचे उपकार मोजायला बसले तर मी त्या एका वाक्यापासून सुरुवात करीन.

आता यातली अडचण सांगते. आमच्या त्या तालुक्यातल्या निम्म्या पुरुषांची नावं साहेबात संपतात. बाळासाहेब, भाऊसाहेब, रावसाहेब, आण्णासाहेब. आणि बाळासाहेब काही केल्या त्या चालीत बसत नाहीत. चार लांब अक्षरं ओळीनं कुठं मावतच नाहीत. मग म्हणताना पहिला 'बा' घाईघाईनं गिळायचा आणि 'ळासाहेब' लांबवायचे. एका वरबापानं कुलदैवताच्याही आधी पुढाऱ्याचं नाव घालायला लावलं. मी काकांकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "घाल. देव रुसून सभा सोडत नाही."

पण हसण्यावारी नेता येईल असं ते काम नव्हतं. पहिल्याच हंगामात मी एका मामाचं नाव चौथ्या अष्टकात ठेवलं होतं, कारण आधीच्या तिन्हीत ते बसेना. मामा अंतरपाटाचं एक टोक धरून उभा. तिसरं अष्टक संपलं तरी आपलं नाव नाही, म्हटल्यावर त्यानं टोक सोडून दिलं. नवरानवरीनं मुहूर्ताआधीच एकमेकांचं तोंड पाहिलं, मांडवात गलका झाला, आणि मामा चपला शोधायला लागला. दुसऱ्या दिवशी ती माणसं छापखान्यात येऊन काकांना नाही नाही ते बोलली. मी पेटीमागं लपून ऐकत होते. ओळ कागदावर ठेवण्याआधी मोठ्यानं म्हणायची आणि कोण उठतंय ते बघायचं, ही माझी सवय त्या दिवसापासूनची.

काकांची दुसरी शिकवण म्हणजे नावं तोंडी ऐकायची. कुणी चिठ्ठी काढली की ते म्हणायचे, "ती ठेवा खिशात. तोंडानं सांगा." मला नंतर समजावलं, "कागदावर सगळी सारखीच दिसतात गं. सांगताना कळतं. आवाज कुठं चढतो, कुठं पडतो, कुठं माणूस थांबतो, ते ऐक. अष्टक तिथं असतं."

आणि एकदा एक माणूस थांबला.

रंगनाथराव नाव. जवळच्याच गावचे, सोसायटीत वजन असलेले, त्या गावच्या सगळ्या पत्रिका त्यांच्या शब्दावर आमच्याकडं यायच्या. धाकट्या मुलीचं, संगीताचं लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा बेलापूरचा. संगीता बाकावर बसून मांडीवरच्या पुठ्ठ्यातल्या नमुन्याच्या पत्रिका उलटत होती आणि रंगनाथराव सांगत होते.

"लिवा. चुलते बाळासाहेब, रावसाहेब. मामा येवल्याचा, तुकाराम. त्याचं आदी घाला, रुसका हाय."

"आई?" मी हळूच विचारलं.

"आई न्हाई तिला. ल्हान हुती तवाच गेली."

"मग घरात बायकांमध्ये कोण?"

"थोरली..." म्हणाले आणि थांबले. रस्त्यावर टेम्पोत पेरूच्या पाट्या चढवत होते, तिकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आत्या. कोपरगावची आत्या, चंद्रभागा. लिवलं का?"

"लिहिलं."

संगीतानं त्यानंतर एकही पत्रिका उलटली नाही.

ते गेल्यावर काकांनी तपकिरीची डबी काढली. "कुठं थांबला, ऐकलंस?"

"थोरलीपाशी."

"थोरली मुलगी होती त्यांची. अलका. सासरी विहिरीत गेली. कुणी म्हणतं पाय घसरला, कुणी काय म्हणतं. बेलापूरच्या लोकांना त्यांनी ती काविळीनं गेली असं सांगितलंय." डबी बंद करून म्हणाले, "ते आपल्याला माहीत नाही."

मला तेवढंच हवं होतं. माहीत नसणं. मी अष्टकं रचली, आत्याला पाचव्यात बसवलं, रंगनाथरावांनी छापलेली वाचून मान डोलावली. काम संपलं होतं.

बाजाराच्या दिवशी संगीता एकटी आली. काका गल्ल्यावर होते, त्यांना ओलांडून ती सरळ माझ्या पेटीपाशी आली.

"ताई, तुमीच लिवता ना हे?"

"काका लिहितात. मी नुसती जुळवते."

"तुमीच लिवता. त्या दिशी बगत हुते मी. आप्पा नावं सांगत हुते आन तुमचं ओठ हालत हुतं."

मी खिळा खाली ठेवला.

"आमच्या ताईचं नाव घाला. अलका."

"वडलांना विचारून..."

"त्यांना इचारता आलं आस्तं तर तुमच्याकडं कशाला आले आस्ते?" ती हलक्या आवाजात बोलत होती, पण अडखळत नव्हती. "आई गेल्यावर तिनंच केलं माजं. येनी घालायची. भाकरी झाली की पयला घास मला द्यायची, मग चुलीपासनं उठायची. आन माज्या लग्नात तिचं नाव न्हाई. मंग कुनाकुनाची हायेत? जो मामा कदी आला न्हाई, त्याचं पयलं."

"सासरचे विचारतील, ही कोण."

"इचारू द्या. लगीन झाल्यावर कळलं तर म्या लपिवलं आसं व्हईल. सगळ्यांच्या म्होरं कळू द्या."

"आणि लग्न मोडलं तर?"

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तर मोडलं." बंद सोडवत म्हणाली, "पर मला तसं वाटत न्हाई. त्यांची आई मला बगाय आल्ती. तिनं इचारलं, सैपाक कुनी शिकिवला. मी आप्पांकडं बगितलं. आप्पा म्हनले, आत्यानं. ती बाई काय बोलली न्हाई. पर तिनं माज्याकडं लई येळ बगितलं."

"मले नाही जमत," मी म्हणाले. घाबरले की घरची भाषा तोंडात येते.

ती हसली. पहिल्यांदाच. "जमंल. आन माइकवर पन तुमीच म्हना. आमच्यातलं कोन म्हननार न्हाई. आप्पांना मी सांगते, छापखान्यातल्या ताईंचा आवाज चांगलाय." एवढं बोलून बाजाराच्या गर्दीत गेली. मी कधी कुणापुढं म्हटलेलं नव्हतं. माझा आवाज तिनं ऐकलाही नव्हता.

संध्याकाळी रंगनाथरावांचा निरोप आला आणि काकांनी मला न विचारता हो म्हणून टाकलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. ते धापा टाकत ऐकत होते. मी म्हटलं, "काका, तुम्हीच सांगा काय करू."

"मला विचारू नको. मी नाहीच म्हणणार. धंदा आहे माझा." मग म्हणाले, "हे बघ, त्या गावच्या ऑर्डरी गेल्या तर गेल्या. तुम्हा दोघांना मी काही काढत नाही, ते भ्या मनातनं काढ. पण लग्न मोडलं तर ते मला भरून देता यायचं नाही. तुलाही नाही. तेवढं बघून काय ते कर."

यांना सांगितलं तेव्हा हे मशीनला तेल घालत होते. हात न थांबवता म्हणाले, "त्या मुलीचं नुकसान झालं तर तुला झोप येईल का?" मी म्हटलं, "आणि नाव नाही घेतलं तर येईल का?" यांचा तेल घालणारा हात थांबला.

पाचवं अष्टक मी दोन प्रकारे केलं. एक छापलेलं, आत्याचं. दुसरं कागदावर कधी आलंच नाही, तोंडातच राहिलं. मशीन चालू असलं की त्याच्या खडखडाटात माझं म्हणणं कुणाला ऐकू यायचं नाही, तेव्हा मी खिळे जुळवता जुळवता ते म्हणायची. म्हणून थांबायची आणि बघायची. प्रत्येक वेळी सगळा मांडव उठायचा. मामा उठायचा, चुलते उठायचे, बेलापूरचे सगळे फेटे उठून टेम्पोकडं निघायचे. शब्द बदलले. 'गेलेली' काढलं. 'स्वर्गातून' काढलं. दुःखाचा एकेक शब्द उचलून पेटीत परत टाकला. शेवटी संगीतानं सांगितलं होतं तेवढंच उरलं, वेणी आणि घास. तरी मांडव उठतच होता. कोणतं म्हणायचं ते अजून ठरवलेलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

लग्न भर दुपारचं होतं. काका मला घेऊन गेले. मंडपाच्या कापडातून पिवळं ऊन गळत होतं. माइक हातात आला तसा कर्कश ओरडला. पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, "बाई, लांब धरा, तो काय चावत न्हाई." लोक हसले. मला ते हसू लांबून आल्यासारखं वाटलं.

अंतरपाट धरला गेला. अलीकडं संगीता, मान खाली. तिच्यामागं येवल्याचा मामा. बाजूला रंगनाथराव हात जोडून. पलीकडं नवरा मुलगा आणि त्याच्यामागं वरमाई, हौसाबाई. उंच, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मुठीत तांबड्या केलेल्या ज्वारीच्या अक्षता. तिचा चेहरा बघून मी मनात म्हटलं, आत्याच. आत्याचंच म्हणायचं.

पहिलं, नवरानवरीचं, अष्टक झालं. 'शुभमंगल सावधान' म्हटलं की अक्षता पडायच्या, ज्वारीचे दाणे माइकवर टकटक वाजायचे. दुसऱ्यात मामा आला आणि त्याचा चेहरा फुलला. तिसऱ्यात मी 'बा' गिळला आणि बाळासाहेब बसले. चौथं झालं. लोकांच्या हातातले रंगीत कागद हलत होते, वारा घ्यायला. पाचवं छापलेलं होतं तिथं काहींची बोटंसुद्धा पोचली होती.

मी तोंड उघडलं आणि संगीतानं मान वर केली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. समोरच्या अंतरपाटाकडं पाहिलं, जणू त्यावर काही लिहून येणार होतं.

*वेणी घालुनि देत घास पहिला आई कधी जाहली,*
*ती ताई अलका उभीच जवळी, आशीष दे माउली...*

यानंतर दोन शब्द म्हणायचे असतात. ते निघालेच नाहीत. मी तोंड उघडं ठेवून उभी होते. कागद हलायचे थांबले. बँडवाल्यानं पिपाणी ओठाला लावली होती, ती तशीच राहिली. मला रंगनाथरावांच्या चेहऱ्याकडं बघवेना, म्हणून मी त्यांच्या पायांकडं बघितलं. एक पाय पुढं आला आणि थांबला. मागून कुणीतरी पुरुष म्हणाला, "अलका कोन?" आणि कुणीतरी त्याला गप केलं. माझ्या हातातल्या माइकमध्ये माझाच श्वास मोठ्यानं ऐकू येत होता, सगळ्यांना.

सावधान म्हटल्याशिवाय अक्षता टाकायच्या नसतात. पण समोरून एक मूठ आली. तांबडी ज्वारी अंतरपाटावरून उडून संगीताच्या डोक्यावर, खांद्यावर पडली. मी वर बघितलं. हौसाबाईचा हात अजून हवेत होता.

"म्हना की म्होरं," ती म्हणाली. "हात अवघाडला माजा."

मी सावधान म्हटलं. कसं म्हटलं ते आठवत नाही. बायकांच्या बाजूनं अक्षता पडल्या, मग पुरुषांच्या. उरलेली अष्टकं मी डोळे मिटून म्हटली. अंतरपाट दूर झाला, बँड वाजला, आणि मी मंडपामागं पाण्याच्या टँकरपाशी जाऊन ओकले.

तिथंच हौसाबाई हात धुवायला आली. मला वाटलं आता ही बोलणार. पदरानं हात पुसत तिनं मला वरखाली न्याहाळलं. "तूच व्हय ती? बारीक हाय की. आवाज मोटा हाय."

"मावशी, माफ करा, मी..."

"कावीळ म्हनले. आमी म्हनलो, बरं, कावीळ. बेलापूर काय परदेशात हाय? आमाला आदीच ठावं हुतं." ती टँकरच्या तोटीखाली पाय धरून उभी राहिली. "ऱ्हाऊन ऱ्हाऊन एकच वाटायचं, ही पोरगी आमच्याकडं आल्यावर भनीसाठी रडंल कुठं? न्हानीत जाऊन? आता माज्याम्होरं रडंल."

आणि जेवायला बसणाऱ्यांच्या पंगतीकडं निघून गेली.

रंगनाथराव मला किंवा काकांना एक शब्द बोलले नाहीत. निघताना काकांनी हात जोडले, ते त्यांनी बघितले न बघितल्यासारखे केले. त्या हंगामात त्या गावची एकही पत्रिका आमच्याकडं आली नाही. मशीन कधी कधी दुपारपर्यंत बंद असायचं. काकांनी तो विषय एकदाही काढला नाही. उलट कापून उरलेल्या पत्रिकांच्या कडा, बोटभर रुंदीच्या जाड पट्ट्या, त्यांनी माझ्यापुढं आणून टाकल्या. "मशीन बंद आहे तोवर लिही काहीतरी. अष्टकं नको. तुझं लिही."

मी पट्टीवर एक वाक्य लिहायची. पट्ट्या फरशीवर मांडायची, वरखाली करायची, मोठ्यानं म्हणून बघायची. माझी पहिली कथा तशी झाली. काकांनी ती स्वतःच्या अक्षरात उतरवून एका दिवाळी अंकाला पाठवली आणि ती छापून आली तेव्हा अख्ख्या पेठेत दाखवत फिरले. मी मात्र आठवडाभर दाराची कडी काढली नाही. कथेतली बाई आपणच, असं म्हणत भाजीवाली येईल असं वाटत होतं. ती आली, पण अंक मागायला. आजही मी पट्ट्यांवरच लिहिते. आता त्या विकत आणलेल्या कागदाच्या कापाव्या लागतात.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. अलकाच्या विहिरीबद्दल मी कुणाला कधी विचारलं नाही, आणि तिच्यावर मला लिहिता आलेलं नाही. वेणी आणि घास याच्या पलीकडं गेलं की माझ्या समोरचा मांडव उठतो. ती भीती चांगली की वाईट, ते इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

रंगनाथराव पुढच्या लग्नसराईत आले. पुतण्याचं लग्न होतं. थकले होते. बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. काकांनी कसं काय विचारलं, त्यांनी बरंय म्हटलं. चिठ्ठी काढायला गेले आणि स्वतःच ती परत खिशात घातली.

"लिवा," मला म्हणाले. वर न बघता सांगायला लागले. आजा, चुलते, मामा. मी ओठ मिटून ऐकत होते, हलू नयेत म्हणून. मागं मशीन खडखडत होतं.

"बहिनींमदी," ते म्हणाले, "संगीता, बेलापूरची. आन थोरली..."

थांबले. रस्त्याकडं बघितलं. त्या दिवशी तिथं टेम्पो नव्हता, बघण्यासारखं काही नव्हतं.

मागच्या खेपेला मी 'आई?', 'मग बायकांमध्ये कोण?' असं विचारत गेले होते. आता मला पुढचं काही विचारायचं नव्हतं. मी पेन कागदावर टेकवून ठेवलं. काकांनी मागं वळून यांना हात केला आणि यांनी मशीन बंद केलं. चाक आणखी थोडं फिरून थांबलं. छापखान्यात इतकी शांतता मी दिवसा कधी ऐकली नव्हती.

"अलका," रंगनाथराव म्हणाले.

मी लिहून घेतलं. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, आणि ते पुढची नावं सांगू लागले.